मार्क उत्तम, उपक्रम मोजके: अर्ज कुठे करायचे?

ताई, मुलाचे मार्क उत्तम, पण उपक्रम (अभ्यासाबाहेरचे क्लब, खेळ वगैरे) मोजकेच, मग अमेरिकेत कुठल्या कॉलेजांना अर्ज करायचे, असं विचारलंत. उपक्रमांची यादी छोटी म्हणून जीव टांगणीला लावू नका. आणि बारावीच्या तोंडावर घाईघाईने चार क्लब तर मुळीच जोडू नका.

आधी प्रत्येक कॉलेजचा ‘कॉमन डेटा सेट’ (कॉलेज स्वतः प्रसिद्ध करतं ती प्रवेशाची वगैरे माहिती) शोधा, त्यातला ‘सी ७’ तक्ता उघडा. मार्क, निबंध, उपक्रम यांना ते कॉलेज किती महत्त्व देतं ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. थोरलीच्या वेळी मी नुसती मोठी नावं बघून यादी केली, त्याची हळहळ अजून वाटते. उपक्रमांना फार वजन देणारी एक-दोनच ठेवा. आपल्या राज्याचं विद्यापीठ, म्हणजे न्यू जर्सीत रटगर्स, यादीत हवंच; फीही कमी पडते.

इंग्लंडचाही विचार करा. ऑक्सफर्ड, केंब्रिज मुख्यतः विषयातली गती बघतात. दोन्हींपैकी एकालाच अर्ज करता येतो, मुदत १५ ऑक्टोबर. खर्चाचा हिशेब मात्र आधी मांडा.

कॉमन ॲपमध्ये (अनेक अमेरिकी कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) उपक्रमांचे १० रकाने असतात, सगळे भरायची सक्ती नाही. घरची जबाबदारीही तिथे चालते. तुमचा मुलगा रोज संध्याकाळी आजोबांची औषधं, फिरणं बघतो म्हणालात ना? तेच सगळ्यात वर लिहायला सांगा.