पांढरा हत्ती नेमका कुणाचा?

प्रश्न : ताई नमस्कार, मी एमए इंग्लिशला आहे, आम्हाला अमेरिकन लेखक हेमिंग्वेची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (पांढऱ्या हत्तींसारख्या टेकड्या) ही गोष्ट आहे. एक पुरुष आणि एक मुलगी स्टेशनवर बिअर पीत बसतात आणि गोष्ट संपते, काही घडतच नाही! गाइडमध्ये 'टेकड्या म्हणजे गरोदरपण' एवढंच दिलंय. मोठं उत्तर लिहायचं कशावर?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : अगं, आधी ते गाइड बाजूला ठेव. अमुक म्हणजे तमुक म्हटलं की दोन ओळींत कारभार आटोपतो, तुझं तेच झालंय. त्यापेक्षा पेन्सिल घेऊन बस आणि हत्ती किती वेळा येतो ते बघ. पहिल्यांदा ती सहज बोलून जाते की टेकड्या पांढऱ्या हत्तींसारख्या दिसतात, तो म्हणतो मी कधी बघितला नाही. थोड्या वेळाने तीच माघार घेते, तशा काही दिसत नाहीत म्हणे. आणि ऑपरेशनचा, म्हणजे गर्भपाताचा, विषय निघाल्यावर विचारते, मी हे केलं तर मग मी असलं काही बोललेलं तुला परत आवडेल ना? आता मूल तर त्यात आहेच (पांढरा हत्ती पोसणं म्हणजे काय ते मराठी माणसाला समजावायला नको), पण तिचं बोलणंच त्याला आवडेनासं झालंय हेही त्यात आहे, आणि मला तर तेच जास्त लागतं.

जागाही अशीच वाच. स्पेनमधलं एब्रो नदीच्या खोऱ्यातलं स्टेशन, दोन्हीकडे रूळ, बार्सिलोनाहून एक्स्प्रेस 40 मिनिटांनी येणार आणि दोनच मिनिटं थांबून माद्रिदला जाणार. ही दोघं बसलीयत त्या बाजूला ना झाड ना सावली, पलीकडे मात्र पिकाची शेतं, नदीकाठची झाडं. ती उठून स्टेशनच्या टोकाला जाते तेव्हा तिला ते दिसतं आणि म्हणते, हे सगळं आपलं होऊ शकलं असतं.

स्टाइलबद्दल हिमनगाचा एक अष्टमांश भाग वर (म्हणजे थोडंच सांगायचं, बाकीचं वाचकाने ओळखायचं) वगैरे सगळेच लिहितात, ते हेमिंग्वेने 1932 मध्ये लिहिलं, गोष्ट 1927 ची, एवढं भान ठेव. 'गर्भपात' हा शब्द गोष्टीत एकदाही नाही हे दाखव, आणि तो गप्प बसावा म्हणून ती सलग सात वेळा 'प्लीज' म्हणते तेही.

शेवटी तो बॅगा उचलून पलीकडच्या रुळांकडे ठेवून येतो, ती हसून म्हणते मी ठीक आहे. कोण हरलं यावर अजून वाद चालतात, तू बिनधास्त एक बाजू घे, फक्त वाक्यं गोष्टीतली दे.