चाळिशीनंतर लेगोचे ठोकळे जमवणं आणि जोडणं हा पोरखेळ आहे का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की मुलीला वाढदिवसाला आलेला लेगोचा सेट जोडायला दोघं मिळून बसलात, ती अर्ध्यावर झोपून गेली आणि तुम्ही रात्री एक वाजेपर्यंत एकटेच जोडत राहिलात. आता स्वतःसाठी एखादा घ्यावासा वाटतोय, पण वय ४१, घरात सगळे हसतात आणि किमती बघून हात मागे येतो. तेव्हा हा पोरखेळ आहे का, आणि करायचाच तर सुरुवात कुठून करायची?

पोरखेळ नाही. मी ४६ वर्षांची आहे, पुण्यात एका कंपनीचे हिशेब बघते आणि गेली आठ वर्षं हे ठोकळे जमवते, जोडते. जगभर असं करणारी मोठी माणसं इतकी आहेत की त्यांना 'एएफओएल', म्हणजे अ‍ॅडल्ट फॅन ऑफ लेगो, असं नावच पडलंय. लहानपणी खेळ सुटतो आणि मोठेपणी परत हाती येतो, त्या मधल्या वर्षांना ही मंडळी 'डार्क एज' म्हणतात. २०२० पासून तर कंपनी स्वतःच काही खोक्यांवर '१८+' असं छापते. म्हणजे तुमच्यासारख्यांसाठी मुद्दाम केलेला माल बाजारात आहे.

घरच्या हसण्याचं मला फारसं वाटत नाही, कारण आपल्याकडे हे नवीन नाहीच. दिवाळीत किल्ला करायला सोसायटीतले चाळिशी-पन्नाशीचे काका मातीत कोपरापर्यंत हात घालून बसतात, बुरुज कुठे आणि चोरवाट कुठे यावर तासभर वाद घालतात, अळीव पेरतात. त्यांना कुणी हसत नाही. ठोकळ्यांचंही तेच आहे, फक्त दिवाळीपुरतं नाही आणि पावसाने वाहून जात नाही.

माझी सुरुवात एका पिशवीपासून झाली. भाचा अकरावीत गेला, वहिनीने त्याचं कपाट आवरलं आणि ठोकळ्यांची मळकी पिशवी माझ्याकडे आली, "तुझ्या ओळखीत कुणाच्या मुलांना दे" म्हणून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली तर अडीच किलो भरली. देण्याआधी धुवावेत म्हणून बादलीत टाकले. (हे पहिलं सांगण्यासारखं: कोमट पाणी, भांड्यांचा साबण, हाताने धुवायचं. पाणी ४० अंशांच्या वर नको. वाळवायला सावलीत जुन्या चादरीवर पसरायचे, गच्चीवर नाही. उन्हाने पांढरे आणि राखाडी तुकडे पिवळे पडतात.) मग चादरीवर बसून तांदूळ निवडावेत तसे ते निवडायला लागले आणि उठले तेव्हा अंधार पडला होता. पिशवी कुणाला दिली नाही, हे कळलंच असेल.

निवडताना माझी जी चूक झाली ती तुम्ही करू नका. मी रंगाप्रमाणे ढीग केले: लाल एका डब्यात, निळे दुसऱ्यात. दिसायला सुंदर दिसतं आणि कामाला बसलं की कळतं की काळ्या तुकड्यांच्या डब्यात एक बारीक काळा तुकडा शोधणं म्हणजे डोळे फोडून घेणं आहे. आकाराप्रमाणे लावा. एकाच आकाराचे सगळ्या रंगांचे तुकडे एकत्र असले की हवा तो रंग डोळ्यांना आपोआप सापडतो. मला हे कळायला दीड वर्ष लागलं. बारीक तुकड्यांना मिसळणाचा डबा उत्तम, सात वाट्या आणि वरून झाकण. मोठ्यांना फराळाचे जुने डबे. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू-नट ठेवायचे प्लास्टिकचे खण असलेले कप्पे मिळतात, ते पुढे घ्या, आधी नको. तुकडा ओळखायचा असेल तर उलटा करून पोटात बघा, बारीक आकडा कोरलेला असतो. चार बाय दोनचा जो नेहमीचा ठोकळा, त्याचा आकडा ३००१. काही दिवसांनी हे आकडे तोंडपाठ होतात, जसे आम्हाला लेजरचे कोड होतात.

आता या वस्तूबद्दल थोडं, कारण ती कशी चालते हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले किर्क क्रिस्टियनसेन यांनी १९३२ साली हा धंदा सुरू केला तो लाकडी खेळण्यांचा. 'लेग गोट', म्हणजे 'छान खेळ', या डॅनिश शब्दांवरून लेगो. प्लॅस्टिकचे ठोकळे पुढे आले, पण ते आतून पोकळ होते. एकमेकांवर बसायचे, धरून राहायचे नाहीत. ओले यांचे चिरंजीव गॉटफ्रेड यांनी ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवल्या आणि २८ जानेवारी १९५८ ला त्याच्या पेटंटचा अर्ज केला. खालच्या ठोकळ्याचं बटण (सगळे स्टड म्हणतात, आमच्या घरात बटण) वरच्याच्या नळी आणि भिंतीच्या मध्ये चिमटलं जातं, म्हणून पकड बसते. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. साठाहून जास्त वर्षं एक माप न बदलता धरून ठेवणं याचं मला, दिवसभर आकडे जुळवणाऱ्या बाईला, फार अप्रूप वाटतं.

मापं अशी: एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६. चपटी पट्टी, म्हणजे प्लेट, ३.२. तीन प्लेट एकावर एक म्हणजे एक ठोकळा. आणि पाच प्लेट म्हणजे १६ मिलिमीटर, बरोब्बर दोन बटणांची रुंदी. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. त्याच्या जोरावर तुकडे आडवे, उभे, उलटे लावूनही जुळतात.

शक्यता किती, तर एकाच रंगाचे चार बाय दोनचे दोन ठोकळे २४ तऱ्हांनी जोडता येतात, तीन १,०६० तऱ्हांनी, आणि सहा ९१,५१,०३,७६५ तऱ्हांनी. हा शेवटचा आकडा कोपनहेगन विद्यापीठातले गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकावर मोजून काढला. सहा ठोकळे! म्हणून म्हणते, पैसे कमी आहेत म्हणून थांबू नका.

पैशाचं खरं आहे, महाग आहे. परदेशी खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. मोठा सेट म्हणजे घरच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त. २००८ साली ताजमहालाचा सेट निघाला, ५,९२२ तुकड्यांचा, त्या वेळचा सर्वांत जास्त तुकड्यांचा. २०१७ मध्ये तो परत काढला. मला तो अजूनही हवासा वाटतो आणि मी तो घेतलेला नाही. मी वर्षाला एक रक्कम ठरवते, दिवाळीनंतर मोजून बाजूला काढते आणि ती संपली की संपली. त्यातली निम्मी जुन्या, वापरलेल्या मालावर जाते. मुलं मोठी झाली की घरोघरी अशा पिशव्या निघतात, ओळखीत विचारून ठेवा. जुना माल घेताना तपकिरी तुकडे हलक्या हाताने तपासा, काही काळातले ठिसूळ निघतात. सुटे तुकडे रंग आणि आकडा सांगून विकणारी ब्रिकलिंक नावाची बाजारपेठ २००० सालापासून आहे, २०१९ मध्ये ती लेगोनेच घेतली. पण टपाल आणि शुल्क धरून हिशेब करा, नाहीतर पाच रुपयांचा तुकडा पन्नासला पडतो. आणि 'सीलबंद ठेवा, भाव वाढतो' असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. खोकं फोडायचं नसेल तर घ्यायचं कशाला?

सेट जोडण्यात मजा आहेच, त्यातून हात शिकतो. तुमच्या मुलीच्या सेटबरोबर आलेल्या, जोडणी दाखवणाऱ्या पुस्तिकेत भिंतीच्या आत काय दडवलंय ते नीट बघा, बनवणाऱ्याने पकड कुठे दिली आणि सांधा कुठे झाकला ते दिसेल. पण माझं मत विचाराल तर या छंदाचा खरा जीव पुस्तिका मिटल्यावर सुरू होतो. तुम्हाला माहीत असलेली, तुमच्या डोळ्यांसमोरची एक गोष्ट घ्या आणि ती करून बघा. स्वतःच्या घराची एक खिडकी करा. रोज बघत असलेल्या खिडकीला गज किती, हे आपल्याला माहीत नसतं. ठोकळे हातात घेतले की मोजावं लागतं.

मी आजोळचा वाडा करतेय. वाईला होता, आता तिथे तीन मजली इमारत आहे. फोटो आहेत ते सगळे लग्ना-मुंजींचे, माणसांनी भरलेले. वाडा मागे कुठेतरी कोपऱ्यात. मोठा मामा म्हणाला, "अगं, पाच खणी वाडा होता, सोपं आहे." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपली जुनी घरं खणांनीच मोजत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि घर तीन खणी, पाच खणी, सात खणी. म्हणजे बटणांसारखंच, एक माप ठरवायचं आणि पुढचं सगळं त्याच्या पटीत. मामाच्या आठवणीप्रमाणे खण पाच फुटांचा. मी एक खण पाच बटणांचा धरला, एका बटणाचा खांब आणि चार बटणांची मोकळी जागा. पाच खणांना सहा खांब, एकूण २६ बटणं. माझ्याकडची पायाची पाटी ३२ बटणांची. दोन्ही बाजूंना तीन-तीन उरली, एकीकडे बोळ आला आणि दुसरीकडे तुळशीकडे जायची वाट. कागदावर हे जुळलं त्या रात्री मी चहा करून एकटीच ओट्याशी उभी राहिले होते, इतका आनंद झाला होता.

सगळ्यांत छळलं ते ओसरीवरच्या महिरपीने. लेगोच्या कमानी गुळगुळीत, पुलाच्या असतात तशा. आमची महिरप पाकळ्यापाकळ्यांची. ठोकळे पायरीपायरीने लावून पाहिले, शंकराच्या देवळाचं शिखर उलटं टांगल्यासारखं झालं. तीन महिने ते तसंच पडून होतं. मग एका रविवारी पाव कड्याच्या आकाराच्या टाइल्स (वरून बटण नसलेले गुळगुळीत चपटे तुकडे) हाताशी आल्या, बांगडीचा चौथा भाग असतो ना, तशा. बाजूला बटण असलेले ठोकळे खांबांत घातले, त्यांवर या टाइल्स समोर तोंड करून बसवल्या. आतली गोलाई आतल्या बाजूला आली आणि दोन टाइल्स जिथे भेटल्या तिथे आपोआप पाकळीचं टोक निघालं. उभ्या-आडव्याचा हिशेब पाच प्लेट बरोबर दोन बटणं या मापाने जुळला, कुठेही फट नाही. जमीन सारवलेली दिसावी म्हणून मातकट रंगाच्या दोन छटांच्या टाइल्स मुद्दाम मिसळल्या. सारवणाला कधी एकसारखा रंग येत नाही.

गेल्या मे महिन्यात मावशी राहायला आली होती. तिचं वय ७८. तिने चष्मा लावला, पाटीवर वाकली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग बोट घालून म्हणाली, "हा कोनाडा इथे नाही. दाराच्या उजवीकडे. डावीकडे दिवा ठेवला असता तर आईच्या पदराला लागला असता, ती या बाजूने जात्यावर बसायची." मला जातं कुठे होतं हेच माहीत नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं आणि फोटोत ते कुठेच नाही. त्या संध्याकाळी मी भिंत उतरवली, कोनाडा उजवीकडे घेतला आणि मावशीने शेजारी बसून जात्यासाठी दोन गोल राखाडी तुकडे डब्यातून स्वतः शोधून दिले. आकाराप्रमाणे लावलेले होते म्हणून दोन मिनिटांत सापडले.

तेव्हा सुरुवात अशी करा: मुलीच्या सेटमधले उरलेले तुकडे घ्या (तिला विचारून, ते तिचे आहेत), एखादी जुनी पिशवी मिळवा, धुवा, आकाराप्रमाणे लावा आणि तुमच्या घरातली एक छोटी गोष्ट करून बघा. पहिली चुकेल. उतरवून परत करा, ठोकळे सहजी झिजत नाहीत. काही अडलं तर खाली लिहा, महिरपीचं तर नक्की सांगेन, फोटोही टाकेन.

माझा वाडा अजून पुरा नाही. माडीवर जाणाऱ्या जिन्याला मामा अकरा पायऱ्या म्हणतो आणि मावशी तेरा. दोघांचा फोनवर निकाल लागेपर्यंत जिना सुटा करून डब्यात ठेवलाय.