खाडीत दिवे, पण पावसाळ्यात

प्रश्न : आमच्या दाभोळच्या युवक मंडळाला ६ ऑगस्टला, हिरोशिमा दिनी, युद्धविरोधी फेरी काढून संध्याकाळी खाडीत कागदी दिवे सोडायचे आहेत. तयारी कशी करावी?

उत्तर : आधी पोलीस ठाणे. मार्ग, वेळ, अंदाजे माणसं आणि दोन जबाबदार व्यक्तींचे फोन लिहून आठवडाभर आधी अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश लागू असेल तर परवानगीशिवाय पाच जण जमले तरी अडचण होते. फेरी सकाळचीच ठेवा. बाँब तिथल्या ८.१५ ला पडला, त्या मिनिटाला मौन.

कागदी दिवे विसरा, ऑगस्टच्या सरीत त्यांचा लगदा होतो. करवंट्या घ्या. तळाशी दोन चमचे ओली वाळू, म्हणजे कलंडत नाहीत. त्यात पणती, काठाखाली राहील अशी, नाहीतर वाऱ्याने विझते. पाच-पाच करवंट्या सुंभाने ओवून टोक धक्क्याला बांधा. भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं तेव्हाच सोडा. ओहोटीला ओढ लागते आणि सुंभ तुटला तर सगळं मच्छीमारांच्या जाळ्यात. धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, मुलांना वरच थांबवा.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाचा विषय त्याच फलकावर नको. तो वेगळा वाद आहे, निम्मी माणसं तिथेच गळतील.