घरी सगळं येतं, पेपरात मात्र ब्लँक

"मॅडम, घरी पटापट सोडवते, पण पेपरात घातांकाचं समीकरण दिसलं की डोकंच बंद, गणित सोडूनच द्यायला सांगू का हिला?" असं विचारणारे पालक माझ्याकडे बरेच येतात. या आईंनीही तेच विचारलं, मुलगी शेजारी मान खाली घालून बसलेली.

अशा वेळी मी लगेच श्वासाचे व्यायाम वगैरे काढत नाही, आधी पेपर मागते. पेन नेमकं कुठे थांबलं ते बघायचं असतं.

गणित होतं, २ चा एक्स घात अधिक २ चा (एक्स+१) घात बरोबर २४. तिने लिहिलं होतं २ चा (२एक्स+१) घात = २४, आणि पुढे नुसती खाडाखोड. आता २४ काही २ च्या घातात बसत नाही, मग बाई अडकली, अडकली म्हणून घाबरली, आणि घरी येऊन सांगितलं की ब्लँक झाले. म्हणजे भीती नंतर आली, चूक आधीच होऊन गेली होती! पाया सारखा असला की घातांकांची बेरीज करायची हे तिला पाठ, पण ते गुणाकारात, इथे मधे अधिक आहे हे घाईत दिसलंच नाही.

चूक मी सांगितली नाही. म्हटलं, एक्सच्या जागी १ घालून बघ. मूळ गणितात २ अधिक ४, सहा आले, तिच्या ओळीत २ चा घन, आठ. "जुळत नाहीये," म्हणाली आणि पहिल्यांदा वर बघितलं. मग स्वतःच २ घातला, बारा आले, ३ घातला, ८ अधिक १६, चोवीस. उत्तर हातात आल्यावर रीत समजायला कितीसा वेळ लागतो, २ चा एक्स घात कॉमन काढला, कंसात १ अधिक २, म्हणजे तिप्पट बरोबर २४, म्हणून तो ८, एक्स ३.

३ चा एक्स घात = २० अशा गणिताला ती बिचकायची कारण उत्तर पूर्णांकात येत नाही, मग आपलंच चुकलं असं वाटतं (हे खूप मुलांचं होतं). तिथे आधी अंदाज करायला लावला, ९ आणि २७ च्या मधे २० आहे म्हणजे एक्स २ आणि ३ च्या मधे, मग लॉग (घातांक शोधून काढायची रीत) घेऊन साधारण २.७३ आलं तर दचकायचं कारण नाही.

आईंना एवढंच सांगितलं की गणित सोडायचा निर्णय आत्ता नको आणि क्लासही लगेच बदलू नका, आधी जुन्या पेपरांत ती कुठल्या ओळीवर थांबलीय ते दोघी मिळून बघा.

पुढच्या वेळी पोरगी स्वतःच एक गणित घेऊन आली, ४ चा एक्स घात वजा २ गुणिले २ चा एक्स घात वजा ८ बरोबर शून्य. २ च्या एक्स घाताला वाय मानून वर्गसमीकरण केलेलं, वाय ४ किंवा उणे २. उणे २ वर काट मारलेली आणि बाजूला लिहिलेलं, "२ च्या घाताची किंमत उणे येईलच कशी?"