भेटीचा आदेश आणि अवमानाची घाई

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. न्यायालयाचा आदेश असूनही लागोपाठ चार रविवार मुलाची भेट न झालेला तुझा पक्षकार, म्हणजे मुलाचा बाप, 'मुलाच्या आईविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाची याचिकाच टाका' म्हणून हटून बसला आहे, याचे मला नवल वाटले नाही. त्याचे दुःख खरे आहे. तरीही मसुद्याला हात घालण्याआधी भेटीचा मूळ आदेश शब्दन्‌शब्द वाच.

बहुतेक वेळा गोम तिथेच असते. 'वडिलांना महिन्यातून दोनदा वाजवी भेट द्यावी' एवढेच लिहिले असेल, तर वार कोणता, वेळ किती, मुलाला आणायचे आणि पोचवायचे कोणी, हे सारे रुसलेल्या दोन माणसांच्या मर्जीवर राहते. सणांचेही तसेच. 'सण निम्मे निम्मे' असे लिहिलेल्या समजुतीच्या अटींवरून, म्हणजे दोन्ही बाजूंनी मान्य करून न्यायालयात दिलेल्या अटींवरून, आपल्या सोलापुरात संक्रांतीला हमखास तंटा होतो, कारण ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला नातू आपल्याच हाताशी हवा, असे दोन्हीकडच्या आजी-आजोबांना वाटते, आणि त्यांच्याच गड्ड्याच्या यात्रेतला कोणता दिवस कोणाचा, हे कागदावर कुणीच धरलेले नसते. तू अटी लिहिशील तेव्हा यात्रेचे दिवस नाव घेऊन लिही. यंदा आईकडे, पुढच्या वर्षी वडिलांकडे, इतके स्पष्ट.

१९७१ च्या न्यायालय अवमान अधिनियमानुसार आदेशाचा किंवा न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंग झाला तरच दिवाणी अवमान होतो. मोघम आदेशाबाबत तो हेतू सिद्ध करणे कठीण असते. त्यात आईने त्या सकाळी 'ताप आहे, आज नको' असा मेसेज पाठवून सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडली असेल, तर अधिकच. शिवाय कौटुंबिक न्यायालयाच्या आदेशाच्या अवमानाबद्दल शिक्षा उच्च न्यायालय करते, आणि ऑगस्ट २०२५ पासून आपल्याला त्यासाठी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे (फिरत्या पीठाकडे) जावे लागते. शिक्षा कमाल सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. आई कैदेत गेली म्हणून मुलगा बापाच्या कडेवर येत नाही, उलट त्याच्या मनात बाप कायमचा दुरावतो, हे पक्षकाराला समोर बसवून सांग.

त्याआधी जवळचे उपाय आहेत. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १८ खाली त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे आदेशाची अंमलबजावणी मागणारा अर्ज, दाखल करता येते. आदेश मोघम असेल तर तो स्पष्ट करून मागण्याचा, चुकलेल्या भेटींची भरपाई सुट्टीत मागण्याचा अर्ज करता येतो. भेट शक्य नसेल त्या दिवशी व्हिडिओ कॉल तरी मिळावा, यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा यशिता साहू प्रकरणातील २०२० चा निर्णय जोड; दोन्ही पालकांचे प्रेम हा मुलाचा हक्क आहे, हे त्यात ठामपणे सांगितले आहे.

पोटगी मात्र एक दिवसही थांबवू देऊ नकोस. भेट मिळत नाही म्हणून पैसे बंद करणारा बाप स्वतःचेच प्रकरण बिघडवतो. मुलाला दारात उभे करून 'कुणाकडे जायचे?' असे विचारत मोबाइलवर चित्रण करणेही त्याने आजच बंद करावे.

एवढे करूनही स्पष्ट आदेश सरळ धुडकावला जात असेल, तर अवमान याचिका जरूर कर, मात्र भंगापासून एक वर्षाची मुदत ध्यानात ठेव. सध्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि चुकलेल्या भेटींची तारीखवार यादी, मेसेजसह, मला पाठव.