आय-ट्वेंटीच्या कोपऱ्यात काय छापलंय?

साताऱ्याहून तिघं माझ्याकडे सल्ल्याला आले होते. मुलगा हॉटेल मॅनेजमेंट झालेला, अमेरिकेत पेस्ट्रीच्या आठ महिन्यांच्या कोर्सला प्रवेश मिळालेला. वडिलांनी बसता बसताच विचारलं, "मॅडम, शिकता शिकता हॉटेलात काम करून हा कर्जाचे हप्ते फेडेल ना?"

कलिनरीला, म्हणजे पाककलेच्या शिक्षणाला जाणाऱ्या बहुतेक घरांतून मला हाच प्रश्न येतो. मी आय-ट्वेंटी मागितला. शाळेकडून येणारा हा फॉर्म मुलानं फोल्डरमध्ये अगदी जपून ठेवला होता, पण उजव्या कोपऱ्यातल्या ठळक 'एम-वन'कडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

एम-वन म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षणाचा व्हिसा. शिकत असताना काम नाही, कॅम्पसवरसुद्धा नाही. कोर्स संपल्यावर दर चार महिन्यांच्या शिक्षणामागे एक महिना ट्रेनिंग, तेही परवानगी काढून, फार तर सहा महिने. याच्या वाट्याला दोनच महिने येत होते. शिवाय फी आणि राहण्याचा सगळा खर्च हाताशी आहे, हे आधीच दाखवावं लागतं.

"तिकडे गेल्यावर एफ-वन करून घेता येतो म्हणे," मुलगा म्हणाला. एफ-वन म्हणजे कॉलेज-विद्यापीठातल्या शिक्षणाचा व्हिसा.

"नाही येत. तिथं राहून एम-वनचा एफ-वन होत नाही."

वडिलांनी पाकिटामागे मांडलेल्या हप्त्यांच्या हिशोबावर हळूच काट मारली. ते बघून मलाच वाईट वाटलं. 'रोखीनं काम मिळतं, कुणी विचारत नाही' असं यांना कुणीतरी सांगितलं होतं. असा सल्ला देणाऱ्यांची मला मनस्वी चीड येते. पकडला गेला तर व्हिसा जातो तो मुलाचा.

एम-वन वाईट नाही. घरची बेकरी आहे, पैसे तयार आहेत, त्याला आठ महिने पुरतात. कर्ज काढून जाणाऱ्यानं मात्र पदवीचा कोर्स बघावा. न्यूयॉर्क राज्यात हाइड पार्कला असलेल्या क्युलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकासारख्या संस्था पदवी देतात, तिथं एफ-वन मिळतो. कॉलेज चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम आणि पदवीनंतर १२ महिन्यांपर्यंत कामाचा अनुभव. खर्च मोठा, हेही मी स्पष्ट सांगितलं.

इतका वेळ गप्प असलेल्या आईनं विचारलं, "आतापर्यंत किती भरलेत रे?"

सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलर अजून भरायचे होते. मुलानं माझ्यासमोरच शाळेला मेल टाकला: तुमच्याकडे दोन वर्षांची पदवी आहे का, आणि तिचा आय-ट्वेंटी एफ-वनचा मिळेल का?