गाणे आवडते, गायक नकोसा झाला

“ज्यांच्यावर इतकी वर्षे जीव टाकला, ते असे निघाले. आता त्यांचे ऐकावे की नाही?” हा प्रश्न माझ्याकडे निरनिराळ्या तोंडांनी येत राहतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘मी टू’ची लाट भारतात पोहोचली, तेव्हा तो प्रथम मोठ्या संख्येने आला आणि त्यानंतर थांबलेला नाही. कधी विषय गायकाचा असतो, कधी नटाचा, कधी कवीचा. कधी प्रश्न गैरवर्तनाचा असतो, तर कधी समाजमाध्यमांवर कलाकाराने जाहीरपणे मांडलेल्या एखाद्या विखारी मताचा. गंमत अशी, की या कारणासाठी म्हणून वेळ ठरवून कोणीही येत नाही. कर्ज, व्यसन, घटस्फोट यांसाठी समुपदेशकाकडे जाणे लोकांना पटते. ‘एका गायकामुळे मला झोप लागत नाही’ हे सांगायला संकोच वाटतो. म्हणून दुसऱ्याच एखाद्या तक्रारीवर बोलणे संपवून, दाराच्या कडीला हात घालता घालता हा विषय निघतो.

यावर समाजाकडे दोन तयार उत्तरे आहेत. पहिले, ‘कला वेगळी, कलाकार वेगळा’. त्याला जोडून ‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये’ ही म्हणही हटकून ऐकवली जाते. दुसरे उत्तर याच्या अगदी उलट: अशा माणसाचे काहीही ऐकणे म्हणजे त्याच्या कृत्यात सामील होणे. माझा अनुभव असा, की ही दोन्ही उत्तरे ठासून देणाऱ्यांना त्या विशिष्ट कलाकाराशी फारसे देणेघेणे नसते. ज्याला खरोखर लागलेले असते, त्याला यांपैकी कोणतेच उत्तर झोप आणून देत नाही.

निखिलचे उदाहरण मी त्यांच्या संमतीने देत आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय तिशीचे, नोकरी पुण्यात खराडीच्या एका कंपनीत, तक्रार चिडचिडीची आणि अपुऱ्या झोपेची. पत्नीच्या आग्रहामुळे आलो, हे त्यांनी बसताक्षणीच सांगून टाकले. कामाचा ताण, प्रवास, हप्ते असे सगळे बोलून झाल्यावर, एका भेटीत, मी सहज विचारले की पूर्वी थकवा घालवण्यासाठी तुम्ही काय करत होता. ते म्हणाले, “गायचो. पहाटे तासभर रियाज असायचा. आता बंद आहे.” आणि का बंद आहे, हे सांगायला त्यांना पुढची भेट लागली.

निखिल यांचे वडील पेठेतल्या एका बँडपथकात क्लॅरिनेट वाजवत. लग्नसराईत वराती आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक, हे त्यांचे वर्ष. वरातीसमोर घसा कोरडा होईपर्यंत वाजवून झाल्यावर वाजंत्र्यांना पंगत उठल्यानंतर, मांडवाच्या मागच्या बाजूला जेवायला वाढत, हे निखिलने लहानपणी पाहिलेले होते. घरात एका नामवंत गायकाच्या ध्वनिफिती होत्या. त्या ऐकत वडील पदे क्लॅरिनेटवर बसवत आणि मुलगा त्याच ध्वनिफितींबरोबर गुणगुणत मोठा झाला. पुढे रीतसर तालीम मिळाली, पण गळ्याचे वळण त्या गायकाचेच राहिले. काही काळापूर्वी एका खासगी बैठकीतली चित्रफीत मोबाइलवर फिरू लागली. तीत गाणे संपल्यावर, गप्पांच्या ओघात, ते गायक म्हणाले होते की वाजंत्र्यांच्या पोरांनी वाजवावे, राग गाणे हे रक्तात असावे लागते. समोरची मंडळी हसली होती.

“मॅडम, मला त्या वाक्यापेक्षा ते हसणे जास्त लागले,” निखिल म्हणाले. “मित्र सांगतात, तू कला वेगळी ठेव. त्या सगळ्यांना जमते. मला का जमत नाही?”

“त्या वाक्यात तुमच्या मित्रांच्या वडिलांचा उल्लेख होता का?” मी विचारले.

माझ्याकडे आल्यापासून ते तेव्हा प्रथम हसले. समुपदेशनात अशा हसण्याचे मोल मोठे असते, कारण आपण दुबळे किंवा अतिसंवेदनशील आहोत ही शंका त्या हसण्याबरोबर सैल होते. ज्याच्या अंगावर घाव पडलेला नाही, त्याला अलिप्त राहणे सोपे जाते. त्याला त्याने तत्त्वनिष्ठा समजू नये, एवढेच.

पण अडचण ऐकण्यापुरती नव्हती. “ऐकणे सोडले. पण यमन लावला की त्यांचाच निषाद लागतो,” असे म्हणून त्यांनी माझ्या खोलीतच, हलक्या आवाजात, मंद्र निषादावरून ऋषभ घेत गांधारावर येऊन दाखवले. मला संगीतातले फार कळत नाही; तरीही तीव्र मध्यमाकडे जाताना एखादा पाय अडखळावा तसे ते थांबले, हे मला स्पष्ट ऐकू आले. ध्वनिफिती माळ्यावर टाकता येतात. गळा कुठे टाकणार?

इथे माझ्या कामाची बैठक सांगणे आवश्यक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी सुरू केली. ती महाराष्ट्रात चांगली रुजलेली आहे आणि मीही तिच्याच आधाराने काम करते. तिच्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा विचार असा, की कृतीचे मूल्यमापन करावे, संपूर्ण माणसाला एकच गुण देऊन मोकळे होऊ नये. हा विचार बहुतेक वेळा स्वतःला दोष देणाऱ्यांसाठी वापरला जातो. कलाकाराच्या बाबतीतही तो उपयोगी पडतो, मात्र तो नीट समजून घ्यावा लागतो. त्याचा अर्थ माफी असा नाही. त्या गायकाचे वाक्य शंभर टक्के निंद्य आहे, असे म्हणण्यासाठी त्यांचा प्रत्येक सूर खोटा होता हे सिद्ध करावे लागत नाही. आणि सूर खरा होता म्हणून त्या वाक्याची धारही बोथट होत नाही. ही दोन विधाने एकाच मनात राहू शकतात. ती एकत्र राहिली की अस्वस्थ वाटते, हे खरे; पण अस्वस्थ वाटणे म्हणजे आजारी असणे नव्हे.

मग माणसे इतकी का तडफडतात? माझ्या निरीक्षणाप्रमाणे, वरवर वाद कलाकाराविषयी असला तरी आत खटला स्वतःवर चाललेला असतो. ‘मला हे आधी कसे ओळखता आले नाही?’, ‘मला असा माणूस आवडला, म्हणजे मी कशी?’ ही त्या खटल्यातली कलमे. त्यांच्या मुळाशी एक न उच्चारलेला हट्ट असतो: ज्याचे गाणे इतके सुंदर, त्याचे मन सुंदर असलेच पाहिजे. आपल्याकडे हा हट्ट विशेष पक्का आहे. ‘बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाउले’ हे तुकोबांनी सांगितले आणि आपण संतांसाठीची ती कसोटी गवयांना, नटांना, कवींना सरसकट लावून टाकली. किंबहुना क्रम उलटा करून, पाउले आधी वंदली आणि चालणे तपासायचे राहूनच गेले. मैफल संपताच वाकून नमस्कार करण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना गळा आणि चारित्र्य यांत अंतर असू शकते हे मान्य करणे जड जाते.

निखिल यांच्याशी हे सगळे बोलून झाले होते, त्यांना ते पटलेही होते, आणि तरीही रियाज सुरू होत नव्हता. पटणे आणि सुटणे यांत अंतर असते. एके दिवशी मी वेगळ्या बाजूने विचारले.

“तुम्हाला त्यांचे गाणे आवडू लागले, तेव्हा त्यांची परवानगी घेतली होती का?”

“नाही. मी सहा-सात वर्षांचा असेन.”

“आणि तुमच्या वडिलांनी?”

ते काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. बराच वेळ गेला. मग ते सावकाश म्हणाले, “मागितली असती तर त्यांनी दिलीच नसती. बाबांनी ती पदे रेकॉर्ड ऐकून उचलली. रात्री वराती आटोपून आल्यावर, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून क्लॅरिनेटच्या तोंडाला पंचा लावून बसवायचे. आम्ही ते त्यांच्याकडून मागून घेतलेलेच नाही, मॅडम. कमावले.”

“मग रियाज बंद करून तुम्ही ते परत कोणाला करता आहात?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, पण चेहरा उजळला होता. पुढचा अर्धा तास तेच बोलत होते. रक्ताचा दावा मुळातच कसा पोकळ आहे, हे त्यांनी मला समजावून सांगितले: अब्दुल करीम खाँ यांच्याकडून कुंदगोळच्या रामभाऊंनी, म्हणजे सवाई गंधर्वांनी, विद्या घेतली, त्यांच्याकडून भीमसेन जोशींनी, त्या साखळीत रक्ताचे नाते कुठे आहे? १९५३ पासून आपण पुणेकर ज्या महोत्सवाला गर्दी करतो, तो शिष्याने गुरूच्या स्मरणार्थ उभा केलेला आहे. हे मी सांगितले असते, तर ते व्याख्यान झाले असते. ते त्यांच्या तोंडून आले, म्हणून उपचार झाला. योग्य वेळी एकच प्रश्न विचारून गप्प बसणे हे आमच्या व्यवसायातले सर्वांत अवघड कसब आहे, आणि ते मला बऱ्यापैकी साधते, असे म्हणायला आता हरकत नसावी.

या संवादातून जे हाती लागले, ते मी नंतर अनेकांना सांगितले आहे. एखाद्या कलाकृतीने तुम्हाला पूर्वी जे दिले, ते तुमचे झालेले आहे. आजारपणात वाचलेली कविता, परीक्षेच्या रात्री ऐकलेले गाणे यांबद्दल आज अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, कारण तेव्हा तुम्हाला माहीत नव्हते आणि तुम्ही कोणाचे वाईटही केले नाही. प्रश्न उरतो तो आजपासून तुम्ही काय देणार याचा. तिकिटाचे पैसे, सत्काराच्या वेळी उभे राहून वाजवलेल्या टाळ्या, इतरांना केलेली शिफारस हे देणे आहे, आणि ते द्यायचे की नाही हा निर्णय पूर्णपणे तुमचा आहे. कलाकार हयात असेल, अधिकाराच्या जागेवर असेल आणि त्याच्या वागण्याची झळ इतरांना अजून बसत असेल, तर माझे स्वतःचे मत न देण्याकडे झुकते. घरात एकट्याने ऐकणारा रसिक आणि व्यासपीठ देणारा आयोजक यांना मात्र मी एकच माप लावत नाही. आयोजकाची जबाबदारी कितीतरी मोठी असते.

निर्णय प्रत्येकाचा वेगळा असू शकतो, हे पटवण्यासाठी मी जेरुसलेममधला एक प्रसंग सांगते. जर्मन संगीतकार रिचर्ड वॅग्नर यांनी १८५० मध्ये टोपणनावाने आणि १८६९ मध्ये स्वतःच्या नावाने ज्यूंविरुद्ध विखारी लेख प्रसिद्ध केला होता. पुढे नाझींनी त्यांना डोक्यावर घेतले. इस्रायलमध्ये त्यांचे संगीत जाहीर मैफलीत न वाजवण्याचा संकेत १९३८ पासूनचा, म्हणजे त्या राष्ट्राच्या स्थापनेच्याही आधीचा आहे. जुलै २००१ मध्ये संगीतसंचालक डॅनिएल बारेनबॉइम, जे स्वतः ज्यू आहेत, यांनी ठरलेला कार्यक्रम संपल्यावर श्रोत्यांना विचारले की वॅग्नर ऐकायचा आहे का. सभागृहातच मोठा वाद झाला, काही जण संतापून निघून गेले, बाकीच्यांनी बसून ऐकले. बसणाऱ्यांना निष्ठुर आणि उठणाऱ्यांना अरसिक ठरवण्याची आपल्याला घाई होते. मला त्या रात्रीचे दोन्ही गट समजू शकतात, आणि ज्यांच्या घरातली माणसे छळछावणीत गेली त्यांना ‘संगीत वेगळे ठेवा’ असे शिकवण्याचा अधिकार कोणालाही नव्हता, असे मी स्पष्टपणे म्हणते.

आणखी एक धोका इथे नोंदवायला हवा. आपली आवड वाचवण्यासाठी पुष्कळ जण सांगणाऱ्यावरच रागावतात. १९९० मध्ये सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ प्रसिद्ध झाले, तेव्हा घरातल्या पु. लं.विषयी त्यांनी इतके परखड लिहायला नको होते, अशी हळहळ आणि चीड कितीतरी वाचकांनी व्यक्त केली. पु. लं.वर तिथे कसल्या अपराधाचा आरोप नव्हता. तरीही आपल्या मनातल्या मूर्तीला लागलेला ओरखडा सहन झाला नाही. एवढ्यावर जर असे होत असेल, तर गंभीर तक्रार घेऊन पुढे येणाऱ्या मुलीला काय ऐकावे लागत असेल, याची कल्पना करावी. तक्रार सिद्ध झालेली नसताना निकाल देऊ नये, हे योग्यच; पण ‘प्रसिद्धीसाठी करते आहे’ हाही न तपासता दिलेला निकालच असतो.

निखिल आता पुन्हा गातात. त्या गायकाच्या मैफलीला जात नाहीत, त्यांची पत्नी मात्र मैत्रिणींबरोबर एकदा जाऊन आली आणि त्यावरून घरात भांडण झाले नाही. वडिलांनी ती चित्रफीत पाहिली असेल का, या धास्तीने त्यांनी बरेच दिवस विषय टाळला होता. शेवटी विचारले, तर वडिलांनी ती केव्हाच पाहिलेली होती. “बोलणं सोड रे,” ते म्हणाले, “त्यांचं द्रुत मला आधीपासूनच पटलं नव्हतं.”

एका बाबतीत मात्र मी ही सगळी चर्चा करतच नाही. ‘सर शिकवतात उत्तम, पण वागणे बरे नाही, मुलगी क्लासला जायला कांकू करते’ असे सांगत पालक येतात आणि विद्या व व्यक्ती वेगळी ठेवावी का, असे मला विचारतात. तिथे प्रश्न रसिकतेचा नसून मुलीच्या सुरक्षिततेचा असतो. क्लास त्याच दिवशी थांबवावा, मुलीचे म्हणणे शांतपणे ऐकावे, आणि अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले असेल, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, हे लक्षात ठेवावे. मदतीसाठी १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परवाच एका आईने मला विचारले, की मुलीची गाण्यातली मध्यमेची परीक्षा तोंडावर आली आहे, तेवढी होईपर्यंत थांबू का. मी त्यांना सांगितले की ती परीक्षा वर्षातून दोनदा होते.